निवाडा झाला, अपील झाले, पैशाचे काय?



हंगाम सुरू झाला की गव्हाणीपासून शेताच्या बांधापर्यंत माणूस यंत्राच्या संगतीला असतो. आपल्या तिरोडा भागात तर ऊस थोडा आणि धान फार. धानाची मळणी आटोपते न आटोपते तोच ऊसतोड, उन्हाळा लागला की तेंदूपत्ता, आणि राईस मिलचा पट्टा फिरतच असतो. कोणाचा मुलगा वीज केंद्रात कंत्राटी कामाला, कोणाचा नागपूर-रायपूरकडे बांधकामावर. काम तिथे अपघात, हे कोणी नाकारीत नाही.

कामावर अपघात झाला तर कायद्याने भरपाई मिळते, एवढे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्यापुढचा एक प्रश्न आमच्या मंडळींना वरचेवर विचारला जातो. "भाऊ, निकाल तर आपल्या बाजूनं लागला म्हणे. मग पैसे कुठं अडले?" याचे उत्तर बहुधा एका शब्दाचे असते: अपील.

अपील झाले म्हणजे निकाल पुसला गेला, असे समजून कित्येक घरे हातपाय गाळून बसतात. कोणी सावकाराचा उंबरठा गाठतो, कोणी मिळेल त्या रकमेवर अंगठा देतो. दुसऱ्या बाजूला, आपल्यातलेच ट्रॅक्टरवाले, मळणी यंत्रवाले, टोळीचे मुकादम मालकाच्या जागी असतात. अपील टाकले की बला टळली, असे त्यांना वाटते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. म्हणून हा मजकूर दोघांसाठी लिहीत आहोत.

मूळ कायदा काय सांगतो

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. २०१० साली त्याचे नाव बदलून 'कर्मचारी नुकसानभरपाई कायदा' झाले. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अंमलात आली आणि जुन्या कायद्यातली ही व्यवस्था त्या संहितेत गेली. जुना आयुक्त आता 'सक्षम प्राधिकारी' झाला. त्या तारखेआधीच्या अपघातांचे दावे मात्र जुन्या कायद्यानेच चालायचे आहेत, आणि आज अपिलात अडकलेली प्रकरणे बहुतेक तीच आहेत. म्हणून खाली आम्ही जुनीच नावे वापरली आहेत. अपिलाची मुख्य चौकट संहितेतही तीच राहिली आहे.

चूक कोणाची, हा प्रश्न इथे पहिला नसतो. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला का, एवढे पाहिले जाते. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराच्या निम्मी रक्कम घेऊन तिला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी साठ टक्के धरतात. अपंगत्व अर्धवट असेल तर कमाईची ताकद किती गेली त्या प्रमाणात रक्कम ठरते, आणि ते प्रमाण डॉक्टरने ठरवून द्यायचे असते. जिथे कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे, तिथला मार्ग वेगळा. ती भरपाई त्या महामंडळाकडून मिळते.

एक हिशेब करून पाहू. जुन्या कायद्याखाली ३ जानेवारी २०२० पासून पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरला जाई. तीस वर्षांचा गडी दगावला आणि त्याचा पगार तेवढा असेल, तर निम्मे म्हणजे ७,५०० रुपये, गुणिले २०७.९८. रक्कम होते १५,५९,८५० रुपये. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

अपील म्हणजे पुन्हा पहिल्यापासून खटला नव्हे

आयुक्ताच्या आदेशावर अपील थेट उच्च न्यायालयात जाते. आपल्याकडचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे. मुदत साठ दिवसांची. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायालय तो माफ करू शकते. मालक अपील करू शकतो तसा कामगारही करू शकतो, वारसही करू शकतात. रक्कम कमी मिळाली, व्याज दिले नाही, दावाच फेटाळला, अशी तक्रार असेल तर त्यांनाही तेच दार उघडे आहे.

पण या दाराला उंबरठा आहे. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्याशिवाय अपील चालत नाही. माणूस त्या दिवशी ट्रॅक्टरवर कामाला होता की नव्हता, त्याला पगार किती मिळत होता, हे वस्तुस्थितीचे प्रश्न झाले. कामावर जाताना वाटेत झालेला अपघात 'कामाच्या ओघात' धरायचा की नाही, हा कायद्याचा प्रश्न झाला. वस्तुस्थितीबाबत शेवटचा शब्द आयुक्ताचा, उच्च न्यायालयाने पुरावा पुन्हा चाळत बसू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली स्पष्ट सांगितले आहे.

याचा अर्थ नीट समजून घ्या. पहिल्या कोर्टात पुरावा चांगला आला तर पुढचे अपील बरेचसे लंगडे पडते. पहिल्या कोर्टात कागद नव्हता तर तो पुढे नागपुरात उगवत नाही. खरी लढाई खालीच जिंकायची किंवा हरायची असते.

आणखी एक गोष्ट. दोन्ही बाजूंनी आयुक्ताचा निर्णय मान्य करू असे कबूल केले असेल, किंवा तडजोड होऊन तिच्यावर आदेश झाला असेल, तर त्यावर अपील चालत नाही. म्हणून तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी तो दोनदा वाचून घ्यावा. तडजोड आयुक्ताकडे नोंदवावी लागते. रक्कम अपुरी वाटली तर ती नोंदवायला तो नकारही देऊ शकतो. आणि 'मला भरपाई नको' असे कोणी कोऱ्या कागदावर लिहून घेतले असेल तर त्या लिखाणाला कायद्यात काडीची किंमत नाही.

आधी पैसे भरा, मग अपील करा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मालकाला भरपाईच्या आदेशावर अपील करायचे असेल तर आदेशाची रक्कम आधी आयुक्ताकडे भरावी लागते. भरल्याचा आयुक्ताचा दाखला अपिलाच्या अर्जाला जोडावा लागतो. दाखला नाही तर अपील नाही. विमा कंपनी मालकाच्या जागी उभी राहून अपिलात जाते तेव्हाही उच्च न्यायालये हा भरणा मागतात.

कायदा करणाऱ्यांनी ही अट उगीच घातलेली नाही. कामगाराचे घर आणि मालकाची तिजोरी यांची बरोबरी कधीच नसते. वर्षानुवर्षे तारखा चालल्या तर मालकाचा धंदा चालूच राहतो. इकडे पोराची शाळा सुटते, बांधी गहाण पडते. निदान पैसा मालकाच्या खिशातून निघून सरकारी ठेवीत यावा, म्हणजे नुसता वेळ काढण्यासाठी कोणी अपील करणार नाही, असा हेतू त्यामागे आहे. कामगाराने अपील केले तर त्याला मात्र अशी रक्कम भरावी लागत नाही.

तेव्हा अपिलाची नोटीस घरी आली की पहिला प्रश्न विचारायचा तो हा: रक्कम भरली का, आणि कोणत्या तारखेला भरली? आयुक्ताच्या कार्यालयात ही माहिती मिळते. भरणा झालेलाच नसेल तर ती गोष्ट आपल्या वकिलामार्फत उच्च न्यायालयाच्या नजरेस आणून द्यावी.

भरलेला पैसा घरी केव्हा येतो?

इथे बरीच गफलत होते. पूर्वी कायद्यात एक कलम होते, ३०-अ. त्याप्रमाणे मालकाचे अपील प्रलंबित असताना आयुक्ताला जमा रक्कम अडवून ठेवता येई, आणि उच्च न्यायालयाने सांगितले तर अडवावीच लागे. २०१७ च्या दुरुस्तीने हे कलम काढून टाकले. त्यामुळे 'अपील आहे ना, मग पैसे मिळायचे नाहीत' हे वाक्य आता आपोआप खरे ठरत नाही. उच्च न्यायालयाने स्थगिती दिली असेल तर गोष्ट निराळी. स्थगिती आहे की नुसतेच अपील आहे, हे विचारून घ्यावे. अपील दाखल होणे वेगळे आणि स्थगिती मिळणे वेगळे.

स्थगिती असली तरी वाट बंद होत नाही. जमा रकमेपैकी काही भाग उचलू द्यावा असा अर्ज उच्च न्यायालयात करता येतो, आणि न्यायालये परिस्थिती पाहून तशी परवानगी देतात. उरलेली रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याची विनंतीही त्याच अर्जात करावी, म्हणजे पैसा निजून राहणार नाही. निकाल उलटला तर उचललेली रक्कम परत मागितली जाऊ शकते, म्हणून न्यायालय हमी लिहून घेते. उचललेल्या पैशात मोटारसायकल घेण्याआधी ही गोष्ट आठवावी.

मृत्यूच्या प्रकरणात रक्कम वारसांच्या हातात परस्पर द्यायची नसते, ती आयुक्ताकडेच भरायची असते. वारसांत वाटणी तोच करतो, आणि अज्ञान मुलांचा हिस्सा त्यांच्या नावे गुंतवतो. दिराने किंवा मुकादमाने मध्ये पडून 'घे हे पन्नास हजार आणि मिटव' म्हटले तर तो कायद्याने दिलेला मोबदला ठरत नाही. मालकाने भरपाईपोटी आगाऊ काही दिले असेल तर तीन महिन्यांच्या पगारापर्यंतचीच रक्कम, तीही आयुक्तामार्फत, वळती होऊ शकते.

आणि ही ओळ तर प्रत्येक टोळीने पाठ करून ठेवावी: भरपाईच्या रकमेवर जप्ती येत नाही, ती गहाण टाकता येत नाही, आणि तिच्यातून कुठलेही येणे कापून घेता येत नाही. मयताने हंगामाची उचल घेतली होती म्हणून मुकादम ती भरपाईतून वळती करू शकत नाही. सावकारही करू शकत नाही, आणि सोसायटीसुद्धा नाही.

व्याजाचे चाक

अपघात झाल्यावर भरपाई लगेच देय होते. मालकाला सगळा दावा मान्य नसला तरी जेवढा मान्य आहे तेवढी रक्कम त्याने भरायची असते. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर दर साल १२ टक्के सरळ व्याज लागते. उशिराला पटेल असे कारण नसेल तर रकमेच्या पन्नास टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो. व्याज आणि दंड दोन्ही कामगाराला किंवा वारसांनाच मिळतात.

व्याज निकालाच्या तारखेपासून की अपघातापासून, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. ओरिसातल्या एका सुताराचा डावा हात १९६८ साली कामावर गेला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि डिसेंबर १९७५ मध्ये चार न्यायमूर्तींनी सांगितले की मालकाची जबाबदारी अपघाताच्या क्षणी सुरू होते, आयुक्ताने आकडा ठरवल्यावर नव्हे. मधल्या काळात काही निकाल उलटसुलट लागले, पण २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच मत पुन्हा पक्के केले.

आता वरचा हिशेब पुढे नेऊ. १५,५९,८५० रुपयांवर वर्षाचे व्याज होते १,८७,१८२ रुपये. महिन्याला साडेपंधरा हजारांहून जास्त. म्हणजे मयताचा जो पगार हिशेबात धरला त्यापेक्षा महिन्याचे व्याजच जास्त झाले! रक्कम आयुक्ताकडे भरली की मालकावरचे पुढचे व्याज सहसा थांबते. न भरता वाद घालत बसले तर चाक फिरतच राहते.

दोन खटले, दोन धडे

अपील दुधारी असते. मुंबईच्या बेस्टमधला एक बसचालक १९५७ साली जोगेश्वरी आगारातले काम संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला. ती बस उभ्या लॉरीवर आदळली आणि त्याचा मृत्यू झाला. काम संपले होते, सबब अपघात कामाच्या ओघातला नाही, म्हणून आयुक्ताने त्याच्या पत्नीचा अर्ज फेटाळला. ती माउली खचली नाही. उच्च न्यायालयात अपील केले, तिथे जिंकली. मग बेस्टने सर्वोच्च न्यायालय गाठले. १९६३ साली तिथेही तिच्याच बाजूने निकाल लागला. अपील नसते तर ती रिकाम्या हाताने घरी बसली असती.

दुसरे प्रकरण आपल्या धंद्यातले, साखर कारखान्याचे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एका कारखान्याचा रात्रीचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला होता. २२ एप्रिल २००३ ची गोष्ट. कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघात झाला आणि तो गेला. मागे बायको, मुले, म्हातारी आई. २००९ साली आयुक्ताने ३,२६,१४० रुपये आणि २२ मे २००३ पासून १२ टक्के व्याज मंजूर केले. विमा कंपनी अपिलात गेली. २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला: कारखान्याच्या आवारात न झालेला अपघात कामाच्या ओघातला कसा?

कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ जुलै २०२५ रोजी तिथे निकाल लागला. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, त्याची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी धागा जुळत असेल, तर कामाच्या ओघातला धरावा, असे ठरले. आयुक्ताचा आदेश पुन्हा उभा राहिला. राज्य विमा कायद्यात अशी तरतूद २०१० सालीच आली होती, तिचाच अर्थ इथेही लावला गेला. आता नव्या संहितेतही ती तरतूद आहे.

पहाटेच्या अंधारात सायकलने, बंडीने, मोटारसायकलने पाळीला निघणाऱ्या प्रत्येकाला या निकालाचा आधार आहे. पण हिशेब पाहा. अपघातापासून शेवटच्या निकालापर्यंत बावीस वर्षे गेली. ३,२६,१४० रुपयांवर वर्षाचे व्याज ३९,१३६ रुपये. रक्कम कुठेच भरली गेली नसती तर बावीस वर्षांचे नुसते व्याज ८,६१,००० च्या वर गेले असते, म्हणजे मुद्दलाच्या अडीचपटीहून जास्त. आणि त्या घरातली मुले तोवर मोठी होऊन गेली. व्याज कागदावर चढते, पण मुलाचे बालपण व्याजाने परत येत नाही. म्हणून आमचे म्हणणे एवढेच की अपिलाच्या काळात स्वस्थ बसू नये. जमा रकमेतला हिस्सा त्याच काळात मागावा.

मालक असलेल्या सभासदांना दोन शब्द

यांत्रिक अवजारांवर शेतात काम करणारा माणूस या कायद्याखाली येतो. 'तो रोजचा नव्हता, चार दिवसांसाठी लावला होता' ही पळवाट २००० सालच्या दुरुस्तीनंतर उरलेली नाही. कंत्राटदाराने माणूस लावला तरी काम ज्याच्या धंद्याचे त्याच्यावर जबाबदारी येऊ शकते. ती त्याने कंत्राटदाराकडून मागाहून वसूल करावी.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचा विमा काढताना चालकाची आणि मजुरांची जोखीम धरली आहे का, हे पाहून घ्यावे. वाहनाच्या विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले की भरपाई आणि व्याज विमा कंपनी देईल, पण उशिराबद्दलचा दंड मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचा. तेव्हा अपघात झाला की महिन्याच्या आत मान्य असलेली रक्कम भरून टाकावी. रागापोटी, गावात नाक खाली जाईल म्हणून केलेले अपील शेवटी ज्याचे त्यालाच महाग पडते.

काय करावे

अपघात झाला की पहिल्या आठवड्यातले कागद पुढच्या दहा वर्षांचे भांडण ठरवतात. पोलिसांत खबर, जागेचा पंचनामा, दवाखान्याचे कागद, मृत्यू असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल, हजेरीपट, पगाराची पावती, नसेल तर सोबत काम करणाऱ्या दोघांची नावे, हे सगळे जमवून एका पिशवीत ठेवावे. मालकाला लेखी नोटीस द्यावी आणि तिची पोच ठेवावी. दावा दोन वर्षांच्या आत करावा. पोरगा रायपूरकडे दगावला म्हणून तिकडेच खेटे घालायला हवेत असे नाही. हक्कदार जिथे राहतो त्या भागाच्या आयुक्ताकडेही दावा करता येतो.

आपल्या बाजूने निकाल लागला तर त्याची नक्कल लगेच काढावी आणि साठ दिवस मोजावेत. त्या काळात अपील आले नाही आणि रक्कमही आली नाही, तर आयुक्तामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करता येते. अपील आले तर तीन प्रश्न विचारावेत: रक्कम भरली का? स्थगिती आहे का? त्यातली काही रक्कम उचलता येईल का? आणि नागपूरच्या तारखेला आपल्या बाजूचा वकील उभा राहील हे पाहावे. एकतर्फी निकाल लागण्यासारखे दुर्दैव नाही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी मागे राहू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा. अपिलासाठी नागपूरला उच्च न्यायालयाची विधी सेवा उपसमिती आहे.

मंडळी, निवाडा हाती येणे आणि पैसे हाती येणे यांच्या मध्ये अपिलाचा नाला आहे. त्यावर कायद्याने पूल बांधून ठेवला आहे, पण पूल कुठे आहे हे ठाऊक नसलेला माणूस काठावरच बसून राहतो. आपल्या गावात अशी एखादी बाई, एखादा हात गमावलेला गडी काठावर बसलेला असेल, तर हा अंक त्याच्या घरी वाचून दाखवा. सहकार म्हणजे नुसती उसाची मोळी गव्हाणीत टाकणे नव्हे, एवढे सांगून थांबतो.